फायबरचा कोयता: एका छोट्या सिनेमाचं प्रकरण

या प्रकरणातल्या माणसांची नावं बदलली आहेत, वस्तीचं आणि सिनेमाचं नाव गाळलं आहे. मी या सिनेमाचा कार्यकारी निर्माता होतो. म्हणजे पैसे संपले हे ज्याला सगळ्यात आधी कळतं आणि तरी उद्याचं जेवण किती माणसांचं सांगायचं हे ज्याला ठरवावं लागतं, तो माणूस. जे घडलं त्यात माझ्या चुका आहेत. त्या त्या जागी त्या येतीलच.

पार्श्वभूमी

बजेट ४२ लाख रुपये. चित्रीकरण २२ दिवसांचं. कॅमेरा भाड्याचा, लेन्सचा एकच सेट. निर्माते दोन: एकांचं मंगल कार्यालय आहे आणि दुसरे दिग्दर्शकाचे मामा, ज्यांनी निवृत्तीनंतर मिळालेल्या फंडातले पैसे यात घातले होते. मामांचा मुद्दाम उल्लेख करतोय, कारण पुढे प्रत्येक वेळी निर्णय घेताना मला तो फंड डोळ्यांसमोर दिसायचा आणि त्यामुळे काही निर्णय बिघडले.

कथा अगदी साधी होती. पिंपरी-चिंचवडमधल्या नदीकाठच्या वस्तीतला सतरा वर्षांचा मुलगा. दहावीला दोन विषय राहिलेले, वडील नाहीत, आई चार घरी पोळ्या करते. तो टोळक्यामागे फिरायला लागतो, मग रात्री उभ्या गाड्यांच्या काचा फोडतो, मग एक दिवस त्याच्या हातात कोयता येतो. सिनेमा त्या रात्रीपाशी थांबतो.

विषय ताजा होता आणि अडचणही तीच होती. २०२२ च्या अखेरीपासून पुण्याच्या पेपरांत ‘कोयता गँग’ हे शब्द दिवसाआड येऊ लागले होते. हिवाळी अधिवेशनात त्यावर बोललं गेलं. कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघा, असं पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं. आमचा कलादिग्दर्शक बोहरी आळीत एक कोयता आणायला गेला तेव्हा दुकानदाराने आधी आधार मागितलं, मग कशाला पाहिजे ते विचारलं, आणि ‘पिक्चरसाठी’ म्हटल्यावर जास्तच संशयाने बघायला लागला. खरं तर त्या नावाची एकच एक टोळी कधी नव्हतीच. वेगवेगळ्या वस्त्यांतली, एकमेकांना न ओळखणारी, बरीचशी अल्पवयीन पोरं होती. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत एका मुलीवर कोयत्याने हल्ला झाला तो एकतर्फी प्रेमातून, टोळीबिळीचा तिथे संबंध नव्हता; पण लोकांच्या डोक्यात तोही त्याच खात्यावर जमा झाला. हत्यार एक, म्हणून टोळी एक.

या शब्दाचा दुसरा अर्थ शहरात फारसा कुणाला माहीत नसतो. बीड, अहिल्यानगरकडे मुकादम ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती ‘एका कोयत्याला’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. आमच्या प्रमुख नटाचे आजी-आजोबा बीड जिल्ह्यातून दर हंगामाला तोडीला जाणारा असा एक कोयता होते. हे आम्हाला पटकथा लिहून झाल्यावर कळलं. आधी कळायला हवं होतं.

पोरं कुठून आणायची

पहिला मोठा निर्णय हा. सोपा मार्ग होता कॉलेजच्या नाटकातल्या मुलांचा. पुरुषोत्तम, फिरोदिया या कॉलेजांच्या स्पर्धा केलेली पोरं पुण्यात कमी नाहीत. वेळेवर येतात, वाक्यं पाठ असतात, मानधनाचा हट्ट नसतो. पंधरा जणांच्या ऑडिशन घेतल्या. सगळे चांगले होते. पण शिवी देण्याआधी ते किंचित श्वास घेत. एकदा ते लक्षात आल्यावर मग दुसरं काही दिसेना.

दिग्दर्शकाला वस्तीतलीच पोरं हवी होती. निर्मात्यांना धास्ती होती: कामावर येतील का, अर्ध्यात सोडतील का, सेटवर मारामारी झाली तर काय. शेवटी मधला मार्ग काढला. टोळक्यातली नऊ पोरं वस्तीतली घ्यायची आणि आई, पोलीस, शिक्षक या भूमिकांना अनुभवी नट. महापालिकेच्या एका शाळेचा हॉल शनिवार-रविवार मिळाला, पाच आठवडे कार्यशाळा चालली. पहिल्या दिवशी साठेक पोरं आली, त्यातली निम्मी वडापावसाठी, आणि त्यात काही वाईट नव्हतं.

सोन्या तिथेच सापडला. सगळ्यांना एकच गोष्ट करायला सांगितली होती: रात्री उशिरा घरी येताय, आई झोपलीय, करून दाखवा. बाकीच्यांनी हळू दार लोटलं, इकडेतिकडे बघितलं, बोटावर चालले. सोन्या दाराच्या बऱ्याच अलीकडे थांबला. वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या, त्यांचे तळवे एकमेकांना लागून आवाज होऊ नये म्हणून मधे बोट घातलं आणि मग आत आला. एवढंच. हॉलमध्ये कुणी बोललं नाही. दिग्दर्शकाने माझ्याकडे बघितलं आणि प्रमुख भूमिका ठरली.

तिसऱ्या आठवड्यात कळलं की सोन्यावर बाल न्याय मंडळापुढे एक प्रकरण चालू आहे. त्यानेच सांगितलं. लपवून नव्हे, छाती काढून. ‘दादा, माझ्यावर तीनशे सात आहे.’ भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, खुनाच्या प्रयत्नाचं कलम आता १०९ झालंय, पण वस्तीत अजून तीनशे सातच चालतं. ज्याच्यावर आहे त्याला मान असतो. बाकीची पोरं ते ऐकून सोन्याला चहा आधी द्यायला लागली, हे मी स्वतः पाहिलं.

ठेवायचा की काढायचा? मामा म्हणाले, काढा. मी वकिलाला विचारलं. सोन्याच्या आईसोबत वकील जाऊन परिवीक्षा अधिकाऱ्यांना भेटले. त्यांचं म्हणणं असं पडलं की पोरगं कुठेतरी गुंतलेलं असणं बरंच आहे, फक्त तारखा चुकवू नका. आम्ही त्याच्या तारखा चित्रीकरणाच्या वेळापत्रकात लाल शाईने लिहिल्या आणि त्या दिवशी त्याच्याशिवायची दृश्यं लावली.

मग मंगल कार्यालयवाल्या निर्मात्यांना कल्पना सुचली. पोस्टरवर लिहू: ‘खऱ्या टोळीतला मुलगा.’ जाहिरातीला पैसे नाहीत म्हणता ना, मग हीच जाहिरात. मी त्यांना बाल न्याय कायद्याचं कलम ७४ दाखवलं. कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, दाखवायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते म्हणाले, ‘पण तो स्वतःच सांगतोय सगळ्यांना.’ हा युक्तिवाद मी नंतर आणखी तिघांकडून ऐकला, त्यात एक मुलाखत घेणारा होता. पोराला आज ज्याचा अभिमान वाटतोय ते पोस्टर उद्या सव्विसाव्या वर्षी नोकरी मागायला गेल्यावर त्याच्या आधी तिथे पोचलेलं असेल, हे त्याला सतराव्या वर्षी कळत नाही. म्हणूनच ते कलम आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात: धाकट्या भावाच्या भूमिकेत अकरा वर्षांचा मुलगा होता. चौदाच्या आतल्या मुलाला सिनेमात घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि मोबदल्यातला किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत. छोट्या सिनेमावाल्यांना यातलं निम्मं माहीत नसतं; आम्हालाही नव्हतं. वीस टक्क्यांचा नियम आम्ही चौदा ते अठराच्या पोरांनाही लावला. अल्पवयीनांकडून संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम करून घ्यायचं नाही, म्हणून सोन्याची ‘रात्र’ दुपारी उभी राहायची: गल्लीवर मंगल कार्यालयाचं काळं कापड ताणायचं आणि खाली बल्ब. उकाड्याने पोरं भाजून निघायची.

भाऊंचा प्रस्ताव

वस्तीत चित्रीकरण म्हणजे कुणाला तरी विचारावंच लागतं. महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी कागदावर असते, गल्लीची परवानगी भाऊंकडे. भाऊंनी जागा, गर्दी, जनरेटर आणि वर पाच लाख रुपये देऊ केले. बदल्यात नावांच्या यादीत ‘विशेष आभार’ आणि पुतण्याला एक भूमिका. बावीस दिवसांच्या सिनेमाला पाच लाख म्हणजे काही दिवसांचा खर्च.

पैसे नको म्हटलं, पुतण्या नको म्हटलं, जागा आणि गर्दी घेतली. दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला, ‘चित्रीकरणास हार्दिक शुभेच्छा’, त्यावर भाऊ मोठे, खाली गॉगल घातलेली चौदा पोरं आणि कोपऱ्यात, न विचारता, आमचा दिग्दर्शक. तेवढ्याने वस्तीच्या खालच्या अंगाला जे समजायचं ते समजलं. तिकडची दोन पोरं कार्यशाळेला यायची बंद झाली आणि एक गल्ली आम्हाला शेवटपर्यंत मिळाली नाही. अर्धं घेतलं की अर्धंच लागेल, असा माझा हिशेब होता. वस्तीत असा हिशेब नसतो.

पेच: नवव्या दिवसाची रील

कोयत्यांचं आम्ही व्यवस्थित केलं होतं, असं मला वाटत होतं. सहा फायबरचे, दुरून दिसायला. दोन रबरी, अंगाला लागणाऱ्या दृश्यांसाठी. आणि बोहरी आळीतला तो एक खरा, धार घासून बोथट केलेला, फक्त पात्याच्या जवळच्या शॉटसाठी. सगळे कुलूपबंद पेटीत. वही होती: कोण घेतंय, किती वाजता, परत कधी, सही. स्थानिक पोलीस ठाण्यात प्रतिकृतींची यादी आणि फोटो दिलेले.

सातव्या दिवशी एक गोड प्रसंग घडला होता. सोन्याची आजी सेटवर आली होती, नातवाचा पिक्चर बघायला. तालमीत त्याने फायबरचा कोयता उगारला तशी ती भिंतीला टेकलेली उठून आली. ‘आरं, आसा धरत्यात व्हय? मनगट मोडंल.’ त्याच्या हातातून घेतला, मूठ खाली सरकवली, अंगठा वर आणला आणि मनगट सैल सोडून हवेत दोन मोळ्या तोडून दाखवल्या. हलका लागला म्हणून उलटसुलट करून बघितला आणि ‘ह्यो कसला’ म्हणून परत दिला. दिग्दर्शकाने ते दृश्य दुसऱ्या दिवशी सिनेमात घेतलं. मला विचाराल तर सिनेमातली सगळ्यात चांगली दोन मिनिटं ती आहेत.

नवव्या दिवशी सामान आवरताना वहीत सहा सह्या होत्या आणि पेटीत पाच फायबरचे कोयते. सहायकाने मला सांगितलं. रात्रीचे आठ वाजले होते, टेम्पोवाला ओरडत होता, मी म्हटलं, ‘सापडेल उद्या, मंडपात राहिला असेल.’ या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक हे एक वाक्य.

रात्री अकराच्या सुमारास सोन्याने दोन मित्रांबरोबर नदीच्या पुलावर रील बनवली. अंगात सिनेमातलाच शर्ट. कोयता खांद्यावरून समोर येतो, मान वळते, गाणं. सकाळपर्यंत ती काही हजार लोकांनी पाहिली होती. खालच्या अंगाच्या पोरांनी ती पुढे पाठवताना कुणाचं तरी नाव जोडलं होतं, म्हणजे ती आता नुसती रील राहिली नव्हती, निरोप झाली होती. सहा वाजता पोलिसांनी तिघांनाही घरून उचललं. साडेसहाला सोन्याच्या आईचा मला फोन आला. ती रडत नव्हती. ‘दादा, कोयता तुमचा हाय का, एवढंच सांगा.’

पर्याय

मंगल कार्यालयात सकाळी सातला बसलो. चार मतं पुढे आली.

मामांचं मत, आपला संबंध नाही म्हणून सांगायचं. चित्रीकरणाच्या वेळेबाहेर, परवानगीविना, चोरून नेलेली वस्तू. आपणच उलट चोरीची तक्रार द्यायची. कायद्याने हे चुकीचं नव्हतं, आणि सिनेमा कदाचित वाचलाही असता.

दुसऱ्या निर्मात्यांचं मत, वकील येईपर्यंत थांबायचं. वकील मुंबईहून निघणार होते.

दिग्दर्शकाचं मत, आत्ता, याच क्षणी ठाण्यात जायचं. वही, पेटी, परवानगीचे कागद घेऊन.

चौथं मत कुणी मोठ्याने बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात होतं: सोन्याला बदलायचं. नऊ दिवसांचं काम फेकून द्यावं लागलं असतं, म्हणूनच कुणी बोललं नाही. ते काम चार दिवसांचं असतं तर बोलले असते, याची मला खात्री आहे.

मी थांबायच्या बाजूने होतो. कारण फंड. वकिलाशिवाय काही बोललो आणि सिनेमाच जप्तीत गेला तर काय, ही भीती. अकरा वाजेपर्यंत आम्ही थांबलो. कायदा सांगतो की अल्पवयीन मुलाला कोठडीत ठेवायचं नाही, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने त्याला सांभाळायचं. सोन्याला कोठडीत ठेवलं नव्हतंच, बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. पण त्या बाकावर तो चार तास बसला होता, आणि ते चार तास आम्ही मंगल कार्यालयात पोहे खात होतो.

काय केलं

ठाण्यात वही, पेटी आणि परवानग्या टेबलावर मांडल्या. वरिष्ठ निरीक्षकांनी फायबरचा कोयता हातात घेतला, गुडघ्यावर दाबून वाकवला, सोडला, तो थरथरत सरळ झाला. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘हा खोटा आहे हे तुम्हाला माहीत, मला माहीत. पुलावरून घरी जाणाऱ्या बाईला माहीत होतं का?’ मग रील पुन्हा लावली आणि सहज विचारलं, ‘कॅमेरा कुणी धरला होता? चांगला धरलाय.’ आम्ही जरा ओशाळून हसलो. त्या प्रश्नाचा अर्थ आम्हाला दोन महिन्यांनी कळला.

हत्यार खरं असतं तर आर्म्स ॲक्टचं ४(२५) आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७(१)(३) सह १३५ लागलं असतं. पेपरात रोज वाचतो तीच कलमं. खरं नव्हतं, त्यामुळे सोन्यावर गुन्हा दाखल झाला नाही. रील काढून टाकली, आईसमोर समज दिली, तिची आणि आमची लेखी हमी घेतली. मित्र दोघे एकोणीस वर्षांचे, त्यांच्यावर प्रतिबंधक कारवाई झाली. ते आमच्या सिनेमात नव्हते, त्यांच्यासाठी आमच्यापैकी कुणी वही घेऊन गेलं नाही. हे मला नंतर टोचलं, तेव्हा नाही.

चित्रीकरण दोन दिवस बंद ठेवलं. सोन्याला ठेवायचं यावर दिग्दर्शक अडून बसला आणि मामा, सगळ्यांना आश्चर्य वाटलं, त्याच्या बाजूने बोलले: ‘पोरगं चोर निघालं असतं तर काढलं असतं. हे तर नट निघालं.’ पुढे नियम कडक केले. काम संपल्यावर कपडे अंगावरून उतरल्याशिवाय कुणी सेट सोडायचा नाही. पेटीची मोजणी मी स्वतः, टेम्पो कितीही ओरडला तरी. भाऊंच्या चौकातलं चित्रीकरण रद्द करून ते दृश्य भाड्याच्या गोडाउनमध्ये घेतलं.

संकलनाच्या टेबलावर

दोन महिन्यांनी संकलकाने मला बोलावलं आणि पडद्यावर दोन चौकटी शेजारी-शेजारी लावल्या. डावीकडे सोन्याची रील, कुणाच्या तरी फोनमध्ये उरलेली. उजवीकडे आमचा शॉट, चौथ्या दिवशीचा. कॅमेरा गुडघ्याच्या खाली, कोयता खांद्यावरून पुढे, मग मान वळणं, गती संथ. दोन्हीकडे तेच.

आम्ही चौथ्या दिवसानंतर चाळीस सेकंदांची एक झलक बनवली होती, वितरकाला दाखवायला, ठेक्याचं संगीत लावून. पोरांना ती मॉनिटरवर दाखवली, त्यांनी शिट्ट्या मारल्या, आम्ही खूश झालो. सोन्याने पुलावर कुठल्या भाईची नक्कल केली नव्हती. आमची केली होती. कॅमेरा खाली ठेवला की माणूस मोठा दिसतो आणि गती कमी केली की घाव देखणा होतो, हे त्याला आम्ही शिकवलं. टोळीविरुद्धचा सिनेमा म्हणून पैसे उभे करायचे आणि टोळीची जाहिरात करायची, असं चाललं होतं; फरक एवढाच की आमच्याकडे परवानगी होती.

पुन्हा चित्रीकरणाला पैसे नव्हते. संकलकाने वेगळा उपाय काढला. ते शॉट सेकंदाला १०० चौकटींनी घेतले होते आणि २५ ने चालवले होते. चौपट वेगाने चालवले की वेळ पूर्ववत होते. शेवटच्या रात्रीचा सात सेकंदांचा वार पावणेदोन सेकंदांत संपला. आणि मग दिसलं की संथ गतीत जे वाघासारखं वाटत होतं ते मुळात काय होतं: सोन्या धावतो, वार हुकतो, डाव्या पायातली चप्पल सटकते, तो अडखळतो, एक पाय अनवाणी टाकत चौकटीबाहेर जातो. आम्ही ते चित्रीत केलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं.

दिग्दर्शक दोन दिवस यावर भांडला. झलकेतला शॉट सिनेमात नाही म्हटल्यावर वितरक नाराज होईल, हे त्याचं म्हणणं खरं ठरलं. शेवटी त्याने मान्य केलं, संगीतही काढलं. त्या पावणेदोन सेकंदांत आता फक्त पायांचा आवाज आहे.

प्रमाणपत्र

सेन्सॉर बोर्डाच्या परीक्षण समितीने ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, सुचवलं. ‘ए’ घेतलं तर टीव्हीचे हक्क संपले, आणि नऊपैकी सहा पोरांना स्वतःचाच सिनेमा थिएटरात बघता आला नसता. २०२४ च्या नव्या नियमांनी ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत, आम्ही १६+ साठी प्रयत्न केला. अपिलाचं न्यायाधिकरण २०२१ मध्येच रद्द झालंय, त्यामुळे समित्यांपुढे जमलं नाही तर थेट उच्च न्यायालय, आणि ते मामांच्या फंडात बसणारं नव्हतं. अकरा शब्द मूक केले, एक शॉट आखूड केला, १६+ मिळालं. शिवी मूक केली की प्रेक्षक ओठ बघून स्वतः भरतो आणि आमच्या संवादलेखकापेक्षा जास्त कडक भरतो, पण तो भाग वेगळा. वेग पूर्ववत केल्याने हिंसा मुळातच कमी ‘रंगवलेली’ झाली होती, त्याचा इथे फायदा झाला असावा.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, मोजणी. त्या रात्री पेटीत पाच निघाले तेव्हा टेम्पो थांबवायचा आणि नऊ पोरांच्या घरी जायचं. तासाभराचं काम होतं.

दुसरं, ते चार तास. वकील हवाच, पण एक माणूस ताबडतोब ठाण्यात जाऊन आईशेजारी बसू शकला असता. त्याला काही बोलायचंही नव्हतं.

मॉनिटरचं मात्र माझं अजून ठरत नाही. दिग्दर्शक म्हणतो पोरांना झलक दाखवायलाच नको होती. मला वाटतं दाखवायची, पण तिथेच बसून त्यांना विचारायचं, यात तू कसा दिसतोस आणि का दिसतोस. कॅमेरा खाली का ठेवला ते त्यांना सांगायचं. ती पोरं हुशार होती, पाच आठवडे आम्ही त्यांना रडायला-हसायला शिकवलं आणि चौकट कशी खोटं बोलते ते शिकवलं नाही.

आणि कामानंतरचं. १९८८ मध्ये ‘सलाम बॉम्बे’ झाल्यावर त्यातल्यासारख्या रस्त्यावरच्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. ४२ लाखांत ट्रस्ट उभा राहत नाही हे कबूल. पण बावीस दिवसांनंतरच्या तेविसाव्या दिवसासाठी आमच्या अंदाजपत्रकात एक ओळसुद्धा नव्हती. पोरं सकाळी सातला सवयीने चौकात येऊन उभी राहिली होती, असं सोन्याच्या आईने मला नंतर सांगितलं.

निष्पत्ती

सिनेमा ३१ पडद्यांवर लागला, बहुतेक ठिकाणी दुपारी बाराचा खेळ. दुसऱ्या आठवड्यात चार पडदे उरले. शासनाच्या अनुदानासाठी अर्ज केला आहे. मामांचे पैसे पूर्ण परत आलेले नाहीत. ते तसं बोलून दाखवत नाहीत, त्यांच्या घरी जेवायला बसलं की मला कळतं.

बाल न्याय मंडळातलं सोन्याचं प्रकरण निकाली निघालं. काय निकाल लागला ते इथे लिहिणार नाही. अठरा पूर्ण झाल्यावर मुदत ठेव त्याला मिळाली. तो काही महिने एका मालिकेच्या सेटवर लाइटवाल्यांच्या हाताखाली होता, मग चाकणला एका कंपनीत कंत्राटी लागला. फोन कधी लागतो, कधी नाही.

वस्तीत खेळ केला तो समाजमंदिरासमोर, मंगल कार्यालयाचंच पांढरं कापड ताणून. भाऊ पुढच्या खुर्चीत. खालच्या अंगाचीही काही पोरं आली, मागे मोटारसायकलींवर बसून बघत होती. मी पूर्ण वेळ प्रेक्षकांकडे तोंड करून उभा होतो. शेवटची रात्र आली, पावणेदोन सेकंद गेले, चप्पल सटकली आणि पोरं हसली. शिट्टी एकही आली नाही. सोन्या आला नव्हता, त्याची दुसरी पाळी होती. आजी मात्र होती, पहिल्या रांगेत खाली, लुगड्याचा पदर गुडघ्यांभोवती आवळून.

दिवे लागल्यावर मी तिच्यापाशी जाऊन बसलो. कसा वाटला, वगैरे विचारलं. तिने त्या कशाचं उत्तर दिलं नाही. म्हणाली, ‘त्याची चप्पल घावली का मंग?’

नव्हती सापडली. वेशभूषेच्या हिशेबात ती अजून एकच पाय आहे.